घरी सीरम करायचंय? आधी लोणच्याची बरणी आठवा

लग्नसराई जवळ आली की मोबाइलवर तोच व्हिडिओ पुन्हा फिरायला लागतो. गुलाबजल घ्या, ग्लिसरीन घाला, कोरफडीचा गर टाका, व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडा, बाटली हलवा, झालं सीरम. अलीकडे त्यात एक पायरी वाढली आहे. ऑनलाइन मागवलेली नायसिनामाइडची किंवा व्हिटॅमिन सीची पांढरी पावडर ‘अर्धा चमचा’ टाकायला सांगतात. अर्ध्या चमच्यात किती ग्रॅम बसतात, पाणी कोणतं घ्यायचं, बाटली किती दिवस चालते, यावर मात्र कोणी बोलत नाही.

सीरम घरी करता येतं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, पण शिस्त लागते. सगळ्यांचं लक्ष पावडरीकडे असतं, आणि खरं म्हणजे ती सगळ्यात सोपी गोष्ट आहे, पाण्यात टाकली की विरघळते. अवघड आहे ते पाणी, वजन आणि टिकवणं. ज्या घरात वर्षाचं लोणचं बिघडत नाही, त्या घरातल्या बाईला यातलं अर्धं शास्त्र आधीच ठाऊक असतं.

सीरम म्हणजे काय

सीरम म्हणजे बहुतेक वेळा पाणी. शंभर ग्रॅम साध्या सीरममध्ये ८५ ते ९० ग्रॅम पाणीच असतं. उरलेल्यात ओलावा धरून ठेवणारं ग्लिसरीन, थोडा दाटपणा आणणारा पदार्थ, टिकवणारा पदार्थ आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप करायचा तो ‘सक्रिय घटक’, म्हणजे त्वचेवर प्रत्यक्ष काम करणारा पदार्थ. क्रीममध्ये तेल असतं, ते त्वचेवर थर धरतं. सीरम पातळ असतं, लवकर जिरतं.

३० ग्रॅमच्या बाटलीत ४ टक्के नायसिनामाइड असेल तर त्यात पावडर फक्त १.२ ग्रॅम असते. उरलेले २८.८ ग्रॅम नीट नसतील तर त्या सव्वा ग्रॅमचा काही उपयोग नाही.

लोणचं टिकतं, कोरफडीचा गर टिकत नाही

कैरीचं लोणचं वर्षभर राहतं, कारण मीठ फोडींतलं पाणी ओढून घेतं, आंबटपणा जंतूंना वाढू देत नाही, आणि वरचं तेल हवा अडवतं. एवढं करूनही घरात एक नियम असतोच: बरणीत ओला चमचा घालायचा नाही. ओल्या चमच्याने पाणी आत गेलं की आठवड्यात बुरशी धरते.

सीरम तर सगळंच पाणी. शिवाय ग्लिसरीन, पँथेनॉल (व्हिटॅमिन बी-५ चं एक रूप), कोरफडीतली साखर म्हणजे जंतूंना तयार जेवण. म्हणून त्यात प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे जंतू वाढू न देणारा पदार्थ घालावाच लागतो. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं पाणीदार मिश्रण फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस ठेवावं, त्यापुढे फेकून द्यावं. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा फ्रीजचाही भरवसा नसतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं: सीरम खराब झालंय हे दर वेळी दिसत नाही. बुरशी दिसते, काळे-हिरवे ठिपके येतात, वास बदलतो. पण जिवाणू लाखोंच्या संख्येने वाढले तरी पाणी स्वच्छ दिसू शकतं. विहिरीचं पाणी नितळ दिसलं म्हणून आपण ते न उकळता बाळाला पाजत नाही, तसंच हे. पिंपल फुटलेल्या, खरचटलेल्या चेहऱ्यावर किंवा डोळ्यांच्या जवळ असलं पाणी लावणं धोक्याचं आहे.

व्हिटॅमिन ई म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह, हा गैरसमज फार पसरलाय. ते तेलाला खवट होऊ देत नाही, जंतूंना मारत नाही. शिवाय ते तेलकट असल्याने पाण्यात मिसळतच नाही. रश्श्यावर तवंग यावा तसं वर तरंगतं. पहिल्या थेंबात सगळं तेल आणि शेवटी नुसतं पाणी.

घरगुती कामासाठी फिनॉक्सीइथेनॉल आणि इथाइलहेक्झिलग्लिसरीन यांचं ९०:१० तयार मिश्रण सोयीचं आहे. प्रमाण एकूण वजनाच्या १ टक्का. यातून फिनॉक्सीइथेनॉल ०.९ टक्का पडतं, आणि त्याची परवानगीची कमाल मर्यादा १ टक्का आहे. म्हणजे ‘जास्त टाकलं तर जास्त टिकेल’ या विचाराला इथे जागा नाही. कमी टाकलं तर मात्र जंतू वाढतात.

बोअरच्या पाण्याचं काय

मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत हंड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, कुठे लोहही असतं. लोह आणि तांब्याचे अंश सीरममधल्या घटकांचं बिघडणं वेगाने पुढे नेतात. दुसरी अडचण अशी की आपलं पाणी वर्षभर एकच नसतं. पावसाळ्यात नळाचं, जानेवारीनंतर बोअरचं, मे महिन्यात टँकरचं. २०१६ मध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. दर महिन्याला वेगळं पाणी वापरलं तर तीच कृती दर वेळी वेगळी वागेल.

आरओचं पाणी पिण्याला चांगलं, पण ते निर्जंतुक नसतं आणि त्यात क्षार थोडे उरतातच. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी स्वस्त पडतं आणि त्यातले क्षार काढलेले असतात, पण ते त्वचेसाठी बनवलेलं नसतं आणि त्यात जंतू असू शकतात. ते घेऊ नका. औषधाच्या दुकानात इंजेक्शनसाठीचं निर्जंतुक पाणी १० मिलिलिटरच्या छोट्या नळ्यांत मिळतं. अशा नऊ-दहा नळ्यांत एक खेप होते. हे पाणी वापरलं तर उकळत बसायची गरजही उरत नाही.

चमचा बाजूला ठेवा, काटा आणा

सीरमचं सगळं गणित वजनावर चालतं. चमच्यात भुसभुशीत पावडर कमी बसते, दाबली की जास्त. ओलसर हवेत गोळा झालेली पावडर आणखी वेगळी. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशात मावणारा इलेक्ट्रॉनिक काटा लागतो. सराफाच्या दुकानात गुंजभर सोनं मोजायला असतो, तसा. किचनचा एक ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी आहे, कारण ०.२ ग्रॅम त्याला दिसतच नाही.

मोजताना पंखा बंद करा. हा काटा इतका नाजूक असतो की पंख्याच्या वाऱ्याने आकडा ०.१८ वरून ०.२५ वर आणि परत खाली नाचत राहतो. मे महिन्यात पंखा बंद करून काम होत नाही, म्हणून सकाळी सहा-सातला मोजायचं काम उरकावं.

नायसिनामाइडच का, व्हिटॅमिन सी का नाही

व्हिटॅमिन सी, म्हणजे शुद्ध अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, चांगला घटक आहे. पण ते त्वचेत शिरण्यासाठी मिश्रण फार आंबट, पीएच ३.५ च्या खाली ठेवावं लागतं. (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप: ७ म्हणजे साधं पाणी, आकडा जितका खाली तितकं आंबट. लिंबाचा रस २ ते २.५ च्या आसपास असतो.) आणि पाण्यात विरघळलं की ते हवेतल्या ऑक्सिजनने बिघडायला लागतं. भरताचं वांगं चिरून ताटात ठेवलं की बघता बघता काळं पडतं, म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो. व्हिटॅमिन सीला मात्र पाण्यातही सुटका नाही. सीरम आधी पिवळं, मग चहासारखं तपकिरी होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात. परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ वर असताना पत्र्याच्या घरात ही बाटली काही दिवसांतच जाते. पहिला प्रयोग याच्यावर करू नये. चघळायच्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कुटून तर अजिबात नाही. त्यात साखर, रंग, स्वाद आणि गोळी बांधणारे पदार्थ असतात.

नायसिनामाइड हे व्हिटॅमिन बी-३ चं एक रूप. ते पाण्यात थंडच विरघळतं, उजेडाने सहज बिघडत नाही आणि पीएच ५ ते ७ मध्ये निवांत राहतं. त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी वेगळ्या आणि ते जिथे दिसतं त्या वरच्या पेशी वेगळ्या. नायसिनामाइड या दोघांमधली वाहतूक कमी करतं. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधल्या जातायत, पण बाहेर ट्रक कमी सुटतायत, असं समजा. म्हणूनच परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. आधी वर येऊन बसलेला माल खपून जायला वेळ लागणारच. शिवाय त्याने त्वचेतले नैसर्गिक स्निग्ध पदार्थ वाढतात, त्यामुळे कोरडेपणा कमी होतो.

शंभर ग्रॅमची कृती

निर्जंतुक पाणी: ८९.७ ग्रॅम
ग्लिसरीन: ४ ग्रॅम
नायसिनामाइड: ४ ग्रॅम
पँथेनॉल पावडर: १ ग्रॅम
फिनॉक्सीइथेनॉल-इथाइलहेक्झिलग्लिसरीन मिश्रण: १ ग्रॅम
झँथन गम (दाटपणा आणणारा), पारदर्शक प्रकारचा: ०.२ ग्रॅम
डायसोडियम ईडीटीए: ०.१ ग्रॅम

ईडीटीए हा धातूंचे अंश बांधून ठेवणारा पदार्थ. प्रिझर्व्हेटिव्हला त्याची चांगली साथ मिळते.

काचेची भांडी, ढवळायची काचेची कांडी आणि बाटल्या साबणाने धुऊन, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून, स्वच्छ कापडावर उपड्या वाळू द्या. ९९ टक्क्यांचं अल्कोहोल जास्त जोरदार असेल असं वाटतं, पण ते लगेच उडून जातं. जंतूच्या आत शिरायला सोबत पाणी लागतं, म्हणून ७० टक्केच बरं. जवळ गॅस पेटलेला नसावा. हात धुवा, हातमोजे घाला, केस बांधा.

पाण्यात आधी ईडीटीए टाकून पूर्ण विरघळू द्या. तोवर वेगळ्या छोट्या वाटीत ग्लिसरीन घेऊन त्यावर झँथन गम भुरभुरवा आणि कालवा. कोरडा झँथन गम थेट पाण्यात टाकला तर पिठल्यात बेसन एकदम पडल्यावर होतात तशा गुठळ्या होतात: बाहेरून चिकट, आत कोरडी पावडर. कितीही घोटलं तरी त्या सुटत नाहीत. ग्लिसरीनमध्ये झँथन फुगत नाही, नुसता सुटा होतो. वाटीतलं कालवण पातळ खिरीसारखं दिसलं की ते पाण्यात ओता आणि ढवळत राहा. मग अर्धा तास झाकून ठेवा. आधी पाणचट वाटलेलं मिश्रण या वेळात हळूहळू दाट होतं. इथे धीर सोडून अजून झँथन टाकू नका. नंतर ते नाकातल्या शेंबडासारखं लोंबायला लागतं, आणि त्याला उपाय नाही.

आता नायसिनामाइड आणि पँथेनॉल टाका, दोन्ही पटकन विरघळतात. शेवटी प्रिझर्व्हेटिव्ह, आणि त्यानंतर निदान पाच मिनिटं सतत ढवळणं. तो तेलकटसर आणि पाण्यापेक्षा जड असतो. नीट ढवळला नाही तर थेंब होऊन तळाशी बसतो. मग वरचं सीरम असुरक्षित आणि तळाचं चेहरा भाजणारं.

पीएच मोजायला निळा-लाल लिटमस कागद पुरत नाही. ४ ते ७ मधले बारकावे दाखवणाऱ्या पट्ट्या घ्या, किंवा ४ आणि ७ च्या द्रावणांवर जुळवलेला पीएच मीटर. आपल्याला ५.५ ते ६ हवं. मिश्रण या कृतीत त्याच्या जवळच असतं, कधी काहीच लागत नाही. जास्त भरलं तर १ ग्रॅम सायट्रिक आम्ल ९ ग्रॅम पाण्यात विरघळवून त्यातले थेंब टाका: एक थेंब, ढवळा, मोजा. एक युक्ती सांगतो: आम्ल टाकण्याआधी वीस ग्रॅम मिश्रण बाजूला काढून ठेवा. चुकून पीएच फार खाली गेला तर ते परत ओतून सावरता येतं. खायचा सोडा टाकत बसावं लागत नाही.

बिघडतं कुठे

बाटली. ड्रॉपर दिसायला छान, पण तो चेहऱ्याला टेकतो आणि परत आत जातो. हाच तो ओला चमचा. पंपाची बाटली घ्या. ती नसेल तर ड्रॉपर तळहातावर वरून थेंब सोडण्यापुरताच वापरा.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘सुधारणा’. तयार सीरममध्ये नंतर गुलाबजल, हळदीचं पाणी, केशर, कोरफडीचा ताजा गर घालणं. प्रत्येक भर नवे जंतू आणते आणि प्रिझर्व्हेटिव्हचं प्रमाण खाली आणते. कोरफडीच्या सालीजवळचा पिवळा चीक तर त्वचेला खाज आणतो.

एका खेपेच्या तीन छोट्या बाटल्या भरा. एक फ्रीजमध्ये, एक कपाटात, एक माळ्यावर पत्र्याखाली. चार आठवडे दर रविवारी रंग, वास, दाटपणा आणि पीएच वहीत लिहा. माळ्यावरची बाटली लवकर बिघडेल, आणि कपाटातलीचं पुढे काय होणार याचा अंदाज तीच देईल. पातळ झाली, गढूळ झाली, वास बदलला, पीएच ०.५ हून जास्त हलला, तर सगळी खेप टाकून द्या. सगळं ठीक दिसलं तरी घरचं सीरम दोन महिन्यांपुढे वापरू नये. कंपन्या आपल्या उत्पादनात मुद्दाम जंतू सोडून ते मरतात की नाही हे प्रयोगशाळेत तपासतात. ती परीक्षा घरी होत नाही, म्हणून मुदत कमी ठेवायची.

“केमिकलच लावायचं तर घरी कशाला? आजी उटणंच लावायची.”

आजीचं बरोबरच होतं. बेसन, हळद, साय वाटीत कालवली, लावली, धुतली, उरली तर गाईला. तिने ते बाटलीत भरून महिनाभर खिडकीत ठेवलं नाही. ताजं करून धुऊन टाकायच्या गोष्टीला प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही, साठवायच्या गोष्टीला लागतो. लोणच्यातलं मीठही केमिकलच आहे.

लिंबू मात्र नैसर्गिक असूनही चेहऱ्यावर नको. ते फार आंबट असतं, आणि लिंबाच्या सालीतले काही पदार्थ त्वचेवर असताना ऊन लागलं तर फोड येतात आणि मागे महिनोन्महिने काळे डाग राहतात. आपल्या उन्हात ही जोखीम कशाला?

“बाजारात १० टक्क्यांचं मिळतं, मग ४ च का?”

नायसिनामाइडवरचा बराच अभ्यास २ ते ५ टक्क्यांवरच झाला आहे. मुरुमांवर आणि वांगांवर ४ टक्क्यांचे प्रयोग झालेले आहेत. १० टक्क्यांनी अडीचपट फायदा होतो असं नाही, चुरचुर आणि लाली मात्र वाढू शकते. भाजीत मीठ दुप्पट घातलं म्हणून चव दुप्पट होत नाही.

लावण्याआधी

कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात दिवस लावा. एकदा लावून ‘काही झालं नाही’ म्हणणं पुरेसं नाही, कारण अ‍ॅलर्जी बऱ्याचदा काही दिवसांनी उठते. खाज, पुरळ आलं तर तिथेच थांबा. मग चेहऱ्यावर रात्री एकदा, दोन-तीन थेंब.

दिवसभर कापूस वेचायला, सोयाबीन काढायला शेतात जाणाऱ्या बाईला नुसत्या सीरमने फरक पडणार नाही. ऊन रोज नवे डाग करत राहतं. आधी रुमाल, पदर, टोपी आणि सनस्क्रीन, त्यानंतर सीरम.

आणखी एक, हे मनापासून. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ‘गोरेपणाची’ क्रीम महिनोन्महिने लावणाऱ्यांची संख्या गावोगावी मोठी आहे. अशा अनेक क्रीममध्ये स्टिरॉइड असतं. त्याने सुरुवातीला चेहरा उजळतो, पुढे त्वचा पातळ होते, शिरा दिसतात, केस येतात, क्रीम सोडली की आग होते. असा चेहरा असेल तर त्यावर हे सीरम लावू नका, आणि क्रीमही एका दिवसात मनाने बंद करू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात दाखवता येतं. अचानक आलेला, वाढणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला किंवा बधिर झालेला डागही आधी डॉक्टरांनाच दाखवायचा. बधिर फिकट चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो, आणि तो औषधाने पूर्ण बरा होतो.

बचत गटाला विकता येईल का

घरात स्वतःसाठी करणं वेगळं आणि विकणं वेगळं. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि त्याखालच्या २०२० च्या नियमांप्रमाणे परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. जागा, पात्र तज्ज्ञ, तपासणी, बाटलीवर घटक, खेप क्रमांक, मुदत, सगळं आलं. ‘वांग बरे होतात’ असं लेबलवर लिहिलं तर मामला औषधाकडे जातो आणि नियम आणखी कडक होतात. गटाला यात खरंच उतरायचं असेल तर परवाना असलेल्या कारखान्याकडून माल बनवून घेऊन, त्यांचं नाव-पत्ता लेबलवर छापून विकता येतो. घरच्या वहीतली तीन बाटल्यांची, चार आठवड्यांची नोंद तिथे बोलणी करताना कामाला येते.